बाकावरच्या गाद्या

माझी वहिनी गाद्या भरते. नवरा गेला, मुलगा गेला, तरी सकाळी दुकानाचं शटर वर जातंच. लोक म्हणतात, काय बाई धीराची! कसला धीर डोंबलाचा! हात थांबले तर वेड लागेल हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही.

मी तिची नणंद. लग्न केलं नाही. का, ते विचारू नका, आता मलाच नीट आठवत नाही. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, तिथे आम्ही दोघी राहतो. मी कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्री करते. आमचं फार जमतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एरवी ती मला ‘अगं’ म्हणते आणि चिडली की ‘वन्सं’. ‘वन्सं, दुधावर झाकण कोण ठेवणार होतं?’ असं आलं की समजायचं, आज काही खरं नाही. पण मी तापाने फणफणले की उशाशी तीच बसते आणि मिठाच्या पाण्याच्या घड्या बदलता बदलता मला शिव्या देते. तिचं प्रेम असंच, टोचत येतं.

तिचं काम मात्र बघत राहावं. जुनी गादी उसवायची, दबलेला कापूस मोकळा करायचा, पिंजून आणायचा, खोळीत भरायचा, काठीने सारखा करायचा. मग दाभण म्हणजे ती बोटभर लांब जाड सुई घ्यायची आणि टाके घालायचे. टाका घालताना ती श्वास रोखते. दाभण आरपार गेला, दोरा खालून ओढला, गाठ बसली, की मग सोडते. त्या वेळी कोणी तिच्याशी बोलायचं नाही.

दर रविवारी आम्ही प्रार्थनेला जातो, ती आमची मंडळी. जुनं सभागृह, उंच खिडक्या, कडक लाकडी बाक. वहिनी नवी नवरी होती तेव्हा शेजारच्या एका म्हातारीला बसवत नव्हतं, म्हणून वहिनीने तिला उरल्या कापसाची छोटी गादी करून दिली. झालं! मग काय, ज्याला त्याला गादी हवी. हळूहळू सगळ्या बाकांवर गाद्या आल्या, प्रत्येक घराचं कापड वेगळं. आमच्या घराच्या गाद्या निळ्या पट्ट्यांच्या.

पुढे ती म्हातारी वारली. तिची गादी उचलायला कोणाचा हात धजेना, म्हणून राहिली तशीच. मग दुसरं कोणी गेलं, त्याचीही राहिली. कोणी ठरवलं नव्हतं, पण रीतच पडून गेली. आमच्यात माणूस जातं, गादी जात नाही. माझा दादा गेला तेव्हा त्याचीही राहिली, वहिनीच्या शेजारी. ती दर रविवारी तिच्यावरची धूळ हाताने झटकते आणि मग बसते.

होता होता बाकांवर माणसं कमी आणि गाद्या जास्त झाल्या. कोणी नवखं पोरगं आलं आणि मोकळी जागा बघून टेकलं, की मागून आवाज येणार, ‘इथं माणूस आहे हो.’ बिचारं उठून दुसरीकडे जाणार. तिथेही तेच. शेवटी भिंतीला पाठ लावून उभं. प्रार्थना संपली की मग आम्ही सगळे त्याला घेरणार. तू कोणाचा रे? वडील काय करतात? नोकरी कुठे? लग्नाचं काय? इतक्या मायेने विचारायचो आम्ही, की ते पोरगं पुन्हा दिसायचं नाही.

आता माझ्या डावऱ्याबद्दल सांगते. माझा भाचा. डावखुरा, म्हणून मी त्याला डावऱ्या म्हणायचे. दप्तर भिरकावून दुकानात बसायचा तो आईजवळ, तिथेच टाके शिकला. डाव्या हाताने घालायचा, म्हणून त्याचे टाके उलट्या बाजूला झुकायचे. वहिनीचे टाके उजवीकडे कलतात, त्याचे डावीकडे. ती ओरडायची, ‘अरे, गिऱ्हाईक म्हणेल आरशात बघून शिवलीस काय!’ तो म्हणायचा, ‘आई, झोपणाऱ्याला कळतंय थोडंच!’ आणि गाठ सैल ठेवायचा, नेहमी. दोरा खालून ओढ, खालून ओढ, पालथ्या घड्यावर पाणी. मोठा झाल्यावर तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागला. पण सुट्टी असली की गुडघ्यांत गादी धरून बसायचा.

एका रविवारी तो लिफ्ट दुरुस्तीला जायचा तिथे कुठेतरी ओळख झालेली दोन जणं घेऊन आला. एक मुलगा आणि एक चष्मा लावणारी मुलगी. दोघंही घरापासून लांब, खोली घेऊन राहणारी. वहिनी तेव्हा मागे पाण्याचे ग्लास विसळत होती. ती बाहेर येऊन बघते, तर ती मुलगी दादाच्या गादीवर.

‘ऊठ,’ वहिनी म्हणाली. ‘इथं माणूस आहे.’

मुलीने इकडेतिकडे बघितलं. ‘कुठे?’ अगदी साधेपणाने विचारलं हो तिने. पण मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि वहिनीच्या डोक्यात तिडीक गेली.

‘दिसत नसला तरी आहे. ऊठ म्हटलं ना.’

‘आई, असू दे की,’ डावऱ्या हळूच म्हणाला.

‘काय असू दे? बापाच्या जागेवर रस्त्यावरचं कोणीही आणून बसवशील?’

भर सभागृहात. मुलगी लालबुंद होऊन उठली. डावऱ्या दोघांना घेऊन बाहेर पडला. दुपारी घरी येऊन मुकाट्याने जेवला, स्वतःचं ताट धुतलं आणि त्यानंतर आमच्या मंडळीत त्याने पाऊल ठेवलं नाही.

घरात बोलणं होतं. भाजी काय आणू, बिल भरलं का, सगळं होतं. फक्त त्या रविवारचा विषय दोघांनीही काढला नाही. तिने विचारायचं नाही, त्याने सांगायचं नाही. खाण तशी माती! मी मध्ये पडायला गेले, तर एका बाजूने ‘वन्सं’ आणि दुसऱ्या बाजूने ‘आत्या, तू नको ना मध्ये पडू.’ पण दर शनिवारी तो लाँड्रीत यायचा आणि एक शर्ट माझ्यापुढे टाकायचा. ‘आत्या, कडक हां.’ रविवारी सकाळी तो शर्ट घालून कुठेतरी जायचा. मला वाटायचं, पोरगी असणार. मनातून आनंदच व्हायचा, कॉलरला जास्तच पाणी मारायचे मी.

आणि मग साध्या तापाचं निमित्त झालं. दवाखान्यात नेला, तेव्हाही चालत गेला तो. वॉर्डात उशीखाली त्याचा फोन सारखा वाजायचा. नर्स चिडली, म्हणून वहिनीने तो बंद केला आणि पिशवीत टाकला. पोरगा उठेल आणि लावील म्हणून. तो उठला नाही. फोन अजून कपाटात आहे, तसाच बंद. त्याचा शेवटचा शर्ट माझ्याकडे हँगरला आहे. न्यायला कोणी येणार नाही हे मला कळतं, पण तो घडी घालून आत ठेवणं माझ्याच्याने होत नाही.

दादाच्या गादीशेजारी आता डावऱ्याचीही गादी आहे. रविवारी वहिनी दोन गाद्या झटकते. रडत नाही. गेला त्या दिवशीही रडली नव्हती. फक्त दुकानात टाके घालता घालता मध्येच हात थांबतो आणि म्हणते, ‘अगं, तो माझ्यावर रागातच गेला का गं?’ मी काय सांगणार? त्याने मला कधी सांगितलं नाही. मी म्हणते, ‘नाही गं वहिनी.’ ती म्हणते, ‘तुला काय माहीत?’ खरंच आहे, मला काय माहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारते.

अशातच मंडळीची बैठक भरली. विषय होता, तरुण माणसं येत नाहीत, काय करावं. आमच्यातला सगळ्यात तरुण माणूस गुडघ्याला पट्टा बांधून येतो, यावरून ओळखा. सेक्रेटरी म्हणजे आमचे हेडमास्तर, रिटायर झाले तरी बोलताना हवेत खडू धरल्यासारखी बोटं धरतात. ते म्हणाले, ‘आपण गिटार घेऊ या.’

‘वाजवणार कोण?’ मी विचारलं. गिटारचा विषय तिथेच मिटला.

पाळकसाहेब, म्हणजे आमची प्रार्थना चालवणारे, भले माणूस. ते म्हणाले, ‘पुलापलीकडे एक मंडळी आहे. तिथे सगळी विशी-पंचविशीची मुलं. त्यांच्याकडे जाऊन बघावं कोणीतरी, नव्या माणसाला ते कसं सामावून घेतात. शिकण्यात कमीपणा नाही.’

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणाची कंबर दुखत होती, कोणाला जिना चढवत नव्हता. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून वहिनी म्हणाली, ‘मी जाते.’

हेडमास्तरांनी चष्मा वर केला. ‘तुम्ही?’

‘का? मला तोंड नाही? मला विचारायचंय त्या पोरांना, उठून जातात ती का जातात. आणि गेल्यावर मनात राग धरतात का.’

सगळ्यांना माहीत होतं ती कोणाबद्दल विचारतेय. पाळकसाहेबांनी फोन करून तिकडे कळवलं, दोन बाया येतील म्हणून.

रविवारी आम्ही बसने गेलो. वाटेत वहिनी ओठांतल्या ओठांत प्रश्न घोकत होती. मी म्हटलं, ‘परीक्षेला चाललीस का?’ तर म्हणाली, ‘वन्सं, बाहेर बघा.’ मी मुकाट्याने बाहेर बघितलं.

टायरच्या दुकानावरचा एक मोठा हॉल. बाहेरून लोखंडी जिना, वर दारात चपलांचा ढीग. आत हसण्याचा गोंगाट. दारात एक मुलगी चहाच्या कपांचा ट्रे घेऊन उभी होती. चष्मा, मागे बांधलेले केस. वहिनीला बघून तिच्या ट्रेमधले कप खडखडले. मग तिने आमच्या मागे जिन्यावर बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, आणखी कोणी यायचं असेल. हिला कुठेतरी पाहिलंय असंही वाटलं, पण लाँड्रीत शंभर चेहरे येतात, कुठे लक्षात राहणार.

‘या ना,’ ती म्हणाली. ‘हा ट्रे जरा धराल? मी साखर आणते.’

आणि वहिनीच्या हातात ट्रे देऊन गेलीसुद्धा! वहिनी आ वासून बघत राहिली. ‘अगं, पाहुण्याला कामाला लावतात इथे!’ पण ट्रे हातात म्हटल्यावर काय करणार, द्यायला लागली चहा. दहा पोरांना चहा दिला, दहा जणांशी बोलणं झालं. कोणी आम्हाला विचारलं नाही की तुम्ही कोण, कुठल्या, कोणाच्या. एका दाढीवाल्या पोराने सांगितलं, ‘आमच्यात विचारायचं नाही असं ठरलंय काकू. ज्याला सांगायचं तो सांगेल, घाई काय आहे? पहिल्या दिवशी फक्त काहीतरी काम द्यायचं. काम करणारा माणूस परका वाटत नाही.’

वहिनीने माझ्याकडे बघितलं. तिला पटलं होतं, पण कबूल करायचं नव्हतं.

हॉलमध्ये बाक नव्हते. दाराशी गाद्यांची चळत होती, बारक्या, चौकोनी, नाही नाही त्या रंगांच्या. येणारा वरची एक उचलायचा आणि वाटेल तिथे टाकून बसायचा. कोणाची ठरलेली नाही. मी खुर्ची मागून घेतली. वहिनी गुडघे कुरकुरत असताना हट्टाने खाली बसली.

प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांनी डोळे मिटले. मी सवयीने एक डोळा किलकिला ठेवला, तर वहिनीची बोटं गादीच्या कडेवरून फिरत होती. कडेवरून, कोपऱ्यावरून, पुन्हा कडेवरून. मग ती चक्क अंगाखालची गादी ओढून उलटी करून बघायला लागली.

‘डोळे मीट,’ मी कुजबुजले.

तिने गादी माझ्या मांडीवर ठेवली. ‘बघ.’

टाके डावीकडे कललेले होते.

ती उठली. भर प्रार्थनेत त्या चळतीकडे गेली, एक गादी उचलली, उलटली, खाली ठेवली. दुसरी उचलली. तिसरी. सगळ्या तशाच. पुढे प्रार्थना म्हणणारा मुलगा थांबला आणि सगळ्यांनी डोळे उघडले.

‘ह्या कोणी भरल्या?’ वहिनीने विचारलं.

‘आमच्या गादीशेठने!’ दोघंतिघं एकदमच म्हणाले आणि हशा पिकला. दाढीवाला म्हणाला, ‘आधी आम्ही नुसत्या फरशीवर बसायचो. तो कुठून कुठून जुन्या गाद्या गोळा करून आणायचा आणि इथे पसारा मांडून बसायचा. नव्या माणसाला आल्या आल्या बसायला मिळालं पाहिजे, म्हणायचा. आम्हालाही टाके घालायला लावायचा, आणि काय तर म्हणे श्वास रोखा!’

‘गातो मात्र भयानक,’ दुसरा म्हणाला.

‘आता कुठे असतो तो?’ वहिनीने विचारलं. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

‘गेला ना घरच्या मंडळीत परत. आम्हाला विसरला लेकाचा, फोनसुद्धा बंद ठेवतो. तुम्हाला भेटतो का काकू? भेटला तर म्हणावं, तुझ्या नावाने दर रविवारी एक शिवी ठेवलीय आम्ही.’

वहिनीने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. मला ते बघवेना. मीच म्हटलं, ‘ती आई आहे त्याची. मी आत्या. तो गेला बाळांनो. तापाने गेला. तुमच्याकडे यायचा बंद झाला ना, तेव्हाच.’

दाढीवाल्याचा चेहरा हसताच राहिला होता, तो हळूहळू उतरला. खाली दुकानात कोणीतरी टायर आपटला, तेवढाच आवाज.

चष्म्याची मुलगी पुढे आली आणि वहिनीपुढे फरशीवर बसली. ‘काकू, मी तुम्हाला दारातच ओळखलं होतं. मला वाटलं, त्यानेच पाठवलं तुम्हाला. मी जिन्याकडे बघत होते, मागून तो येतोय का म्हणून.’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दादाच्या गादीवरून उठवलेली ती हीच. वहिनीला आठवेना. आठवणार कुठून? त्या दिवशी तिने मुलीकडे बघितलंच नव्हतं, गादीकडे बघितलं होतं.

‘त्याला इथे मीच आणलं,’ मुलगी म्हणाली. ‘त्या रविवारी तुमच्याकडून निघालो तेव्हा.’

वहिनीला कळलं. तिने मुलीचा हात धरला, घट्ट, आणि बसमध्ये घोकलेले सगळे प्रश्न विसरून एकच विचारला, ‘तो माझ्यावर रागावला होता का गं?’

‘रागावलेला माणूस इतकं बोलेल का काकू? आई अशी शिवते, आई असं ओरडते, दिवसभर तेच. माझ्या शर्टाला आत्याची इस्त्री आहे म्हणून कॉलर मिरवायचा.’ मी पदर तोंडाला लावला. ‘तो म्हणायचा, आईची काय चूक, जागा बाबांची होती. मीच आधी सांगायला हवं होतं. पण इतके दिवस गेले, आता कुठल्या तोंडाने जाऊ, असं म्हणायचा. मग शेवटच्या रविवारी आला आणि म्हणाला, ठरलं, पुढच्या रविवारी आईबरोबर जाऊन बसणार. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढच्या रविवारी तो आला नाही, तर आम्हाला वाटलं, गेला असेल तुमच्याकडे. बरंच वाटलं. त्याआधी फोन लावले होते. एक-दोन दिवस रिंग वाजली, मग बंद झाला.’

‘मी बंद केला,’ वहिनी म्हणाली. ‘मीच केला.’

माझ्याने राहवलं नाही. जीभ आहे की कात्री, मी एकदम म्हणाले, ‘अगं, पण येऊन बघायचं तरी एकदा! तुला सभागृह माहीत होतं ना? आली असतीस तर निदान त्याला खांदा द्यायला तरी...’

‘कुठे येणार आत्या?’ ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. ‘तिथून मला उठवलं होतं.’

वहिनीने मांडीवरची गादी जवळ ओढली. तिचा कोपरा सुटला होता. ‘बघ,’ ती म्हणाली, ‘बघ, गाठ सैल. शंभरदा सांगितलं, दोरा खालून ओढ. खालून ओढ रे. ऐकतो का? एक अक्षर ऐकेल तर शपथ. वरून ओढली की सुटणारच, दुसरं काय होणार? गाढवा, किती सांगायचं तुला, किती...’ आणि मग ती रडायला लागली. इतक्या महिन्यांचं सगळं. ती पोरं भोवती बसून राहिली, कोणी उगी उगी म्हटलं नाही. दाढीवाला तोंड फिरवून हुंदके देत होता.

परतीच्या बसमध्ये ती एकच वाक्य बोलली. ‘त्याला यायचं होतं, मला त्याला विचारायचं होतं, आणि दोघंही गप्प राहिलो.’ मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही.

पुढच्या बैठकीत हेडमास्तर कागद-पेन घेऊन तयार. ‘हं, काय शिकून आलात? मुद्दे सांगा.’

‘मुद्दा एकच,’ वहिनी म्हणाली. ‘गाद्या उचला.’

जो काही गोंधळ उडाला! कोणी म्हणालं, शोभतं का हे. कोणी म्हणालं, तुम्हीच तर भरल्यात. हेडमास्तर उठून उभे राहिले. त्यांची बोटं हवेतच राहिली. ‘माझ्या बायकोची गादी? तिथं ती बसते हो. मी बाजूला बसतो तेव्हा... नाही. ते नाही जमणार.’

एरवी वहिनीने त्यांना सोलून काढलं असतं. त्या दिवशी म्हणाली, ‘बसा मास्तर. तुमची तुम्ही ठेवा. माझ्यापुरतं मी बघते.’ त्यांचं दुःख तिला कळत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. बैठक तिथेच संपली.

त्या रविवारी आम्ही नेहमीच्या बाकावर बसलो. कडेला वहिनी, मग दादाची गादी, मग डावऱ्याची, मग मी. पहिली ओळ म्हणून झाली असेल, तेवढ्यात दार वाजलं. ती पोरं आली होती. सगळी. डावऱ्याला पोचवायला येता आलं नव्हतं, म्हणून आता आली होती. हळूच आत आली, बाकांवरच्या गाद्या बघितल्या, आणि कोणी सांगायच्या आत भिंतीला लागून रांगेत उभी राहिली. सर्वांत पुढे ती चष्म्याची मुलगी.

वहिनी उठली. सगळं सभागृह बघत होतं. ती भिंतीपर्यंत गेली, मुलीचा दंड धरला आणि तिला बाकापाशी आणलं. दादाच्या गादीवरची धूळ झटकली. ‘बस.’

‘नको काकू. मी उभी राहते. खरंच.’

‘बस म्हटलं ना.’

मुलगी अगदी काठावर टेकली, केव्हाही उठायला लागेल अशी. वहिनीने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला नीट मागे बसवलं. डावऱ्याची गादी दाढीवाल्यासाठी माझी मी थोपटली आणि त्याला खुणेने बोलावलं. तो आला, पण आधी गुडघे टेकून त्याने गादीचे टाके बघितले. मागे हेडमास्तर बायकोच्या गादीवर हात ठेवून बसले होते, त्यांनी तो उचलला नाही. बाकीची पोरं उभीच राहिली.

पाळकसाहेब थांबले होते, त्यांनी पुन्हा सुरुवात केली. वहिनी बसली. शेजारी बसलेल्या त्या मुलीकडे तिने बघितलं, खाली गादीकडे बघितलं आणि प्रार्थना चालू असतानाच मोठ्याने म्हणाली,

‘एवढंच तर करायचं होतं गं. एवढंच. दुसरं काय करायचं होतं मला?’